वजनांखालचं रिकामं पोतं

धान कापून झालं की बालाघाटच्या हवेला एक सुका, गोडसर वास येतो. तणसाचा वास. सकाळी वैनगंगेवरून धुकं चढतं, शाळेच्या मैदानावर पोरं हात बगलेत घालून उभी राहतात, आणि नेमका याच दिवसांत अकरावीच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकातला तो धडा येतो. शारीरिक तंदुरुस्तीचे घटक. मी खडू घेते आणि फळ्यावर हिंदीत लिहिते, कारण आमच्या शाळेत मराठी फक्त मधल्या सुट्टीत, डब्याबरोबर उघडते. शक्ति, गति, सहनशक्ति, लचीलापन, फुर्ती. पोरी खाली मान घालून उतरवून घेतात. मी मनातल्या मनात आपल्या भाषेत म्हणते, ताकद, वेग, दम, लवचीकता, चपळाई. आणि दर वर्षी त्या पाच शब्दांच्या मागे मला एकच चेहरा दिसतो. माझ्या धाकट्या बहिणीचा, करुणाचा.

खरं सांगते, मला तो बघवत नाही.

पुस्तकात लिहिलंय की हे सगळे घटक सरावानं वाढवता येतात. लिहिणाऱ्याला बहीण नसावी. आम्ही दोघी एका आईच्या, एका ताटात जेवलेल्या, लामता या आमच्या गावी एकाच घरात एका गोधडीत झोपलेल्या. माझं नाव प्रज्ञा. बाबांनी विहारातल्या वंदनेतून आमची नावं काढली होती आणि मोठीला आधी अक्कल देऊन टाकली. धाकटीला करुणा दिली. मैदानावर मात्र तिला कधी कोणाची करुणा आलेली मी पाहिली नाही.

रोवणीच्या दिवसांत आई आम्हाला शेतावर न्यायची. तिथे धानाच्या बांधीला बांधी लागलेली, मधे पायाच्या पंजाएवढा मातीचा धुरा, दोन्हीकडे गुडघाभर चिखल. करुणा त्या धुऱ्यावरून पळायची. चालायची नाही, पळायची. डोक्यावर धानाच्या रोपांची पेंडी, एक हात सोडलेला, आणि वळणावर तिची कंबर अशी वळायची की बायका हातातलं काम सोडून बघत राहायच्या. "पोरगी हाय का पाण्यातला साप!" त्या म्हणायच्या. मी मागून यायचे. माझ्या डोक्यावर दोन पेंड्या असायच्या, कधी तीन. मी पडायचे नाही, पण माझ्याकडे कोणी बघायचंही नाही. ओझं उचलणाऱ्या पोरीचं कौतुक करायला कोणाजवळ वेळ असतो? तिला ओझं उचलायलाच तर बोलावलेलं असतं.

तेव्हा आमच्याकडे छोटी लाइन होती, अरुंद रुळांची. ती गाडी इतक्या निवांतपणे चालायची की उतारू खाली उतरून शेतातल्या शेंगा तोडून परत चढत असत, असं बाबा सांगायचे. आम्हाला कधी तसं दिसलं नाही. पण करुणाला त्या गाडीबरोबर पळताना मी पाहिलंय. फाटकापासून ठेसनापर्यंत. खिडकीतली माणसं टाळ्या पिटायची, एकदा तर ड्रायव्हरनं तिच्यासाठी शिट्टी वाजवली. मी पाठीमागे गिट्टीतून तिच्या चपला गोळा करत यायचे, कारण ती चपला वाटेत भिरकावून द्यायची आणि घरी मार मला बसायचा.

तर तो हंगाम. मी दहावीत, ती नववीत. शाळेत नवे खेळशिक्षक आले होते, बालाघाटहून रोज येणारे, बारीक मिशीचे, फार न बोलणारे. त्यांनी मुलींची कबड्डी सुरू केली. शाळेच्या मैदानात मुरूम होता, गुडघे सोलून निघायचे, म्हणून विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत धानाचं तणीस अंथरून आम्ही खेळायचो. ते तणीस फ्रॉकच्या आत, कानात, केसांत जायचं. रात्रभर अंग खाजायचं. आजही कुणाच्या अंगणात तणसाचा ढीग दिसला की माझ्या मानेला खाज सुटते.

सर आमच्या परीक्षा घेत. पाय पसरून बसवत आणि हात पुढे न्यायला सांगत. करुणाची बोटं अंगठ्याच्या पुढे जाऊन जमिनीवर आरामात आडवी व्हायची. माझी नडगीच्या मध्यावर थांबायची. सर म्हणायचे, "प्रज्ञा, श्वास सोड." मी श्वास सोडायचे. जीव सोडायचा बाकी राहायचा. बोटं तिथेच. मग विटा मांडून नागमोडी पळवत. करुणा विटांमधून अशी जायची की एकही वीट हलायची नाही. मी गेले की सर पुन्हा विटा मांडत.

पण एक गोष्ट होती. माझी पकड. मी कोपऱ्यात उभी राहायचे आणि चढाई करणारीचा घोटा एकदा हातात आला की संपलं. ओझी उचलून उचलून माझ्या पंजात काय आलं होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. एकदा सरावात करुणाचाच पाय माझ्या हातात आला. ती वळली, लोळली, मध्यरेषेकडे हात लांबवला, "कबड्डी कबड्डी"चा तिचा दम बारीक होत होत तुटला, पण मी सोडलं नाही. सर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "अशी पकड पाह्यजे," ते म्हणाले. त्या रात्री मी जेवले नाही. आनंदानं पोट भरतं, असं पुस्तकात लिहितात ते खरं असतं.

जिल्ह्याच्या संघासाठी आमच्या शाळेतून एकच मुलगी जाणार होती. सरांनी माझं नाव घेतलं. करुणा राखीव. मी घरी येताना मुद्दाम तिच्या पुढे चालले.

फक्त एक अडचण होती. शाळकरी मुलींच्या गटाला वजनाची हद्द असते आणि मी त्या हद्दीच्या काठावर. सर म्हणाले, रोज वजन पाह्यजो. आमच्यासाठी ते सोपं होतं, कारण बाबा राइस मिलमध्ये तोलारी होते. मिलच्या पडवीत तुळईला मोठा लोखंडी काटा टांगलेला, साखळ्यांना लाकडी फळ्यांची दोन पारडी. एका पारड्यात धानाचं पोतं, दुसऱ्यात वजनं. संध्याकाळी मिल थंडावली की बाबा आम्हाला पारड्यात बसवायचे. पाय वर घेऊन, साखळी धरून, पोत्यासारखं गप्प बसायचं. बाबा एकेक वजन चढवायचे, पारडं हळूच उचललं जायचं आणि ते गंभीरपणे म्हणायचे, "हद्दीत हाय." मला वाटायचं, बाबांनी मला हातावर उचलून धरलंय.

त्या दिवसांत घरात नवा तांदूळ आला होता. नव्या तांदळाचा भात, पोपटाच्या शेंगांतल्या ओल्या दाण्यांची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. मी अर्ध्या भातावर उठायचे. करुणा माझ्यासमोर बसून दुसऱ्यांदा घ्यायची, तिसऱ्यांदा घ्यायची, भांड्याच्या तळाची खरवड नखानं काढून खायची. आई म्हणायची, "खाऊ दे, जाते कोठी तिच्या अंगात!" खरंच, जायचं कुठे ते? मी आजवर शारीरिक शिक्षणाची दोन-चार पुस्तकं पाठ केली, हे कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

बालाघाटला वजन झालं. लहानसा चपटा काटा, त्यावर उभं राहायचं. मी श्वास रोखून चढले. वजन घेणाऱ्या बाईंनी पाहिलं, पुन्हा उतरायला लावलं, पुन्हा चढवलं. रिबिनी काढायला सांगितल्या. मग सरांकडे बघून मान हलवली. फार नव्हतं जास्त. एका रिकाम्या पोत्याएवढं असेल.

पोत्याएवढंच होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मिलमध्ये बाबांचा डबा द्यायला गेले तेव्हा. धान पोत्यासकट तोललं जातं. पोत्याचं वजन धानात धरलं जाऊ नये म्हणून वजनांच्या पारड्यात, वजनांखाली, एक रिकामं पोतं कायम अंथरलेलं असायचं. इतकी वर्षं ते तिथेच होतं, फळीचाच भाग असल्यासारखं. बाबांच्या डोळ्यांना ते दिसायचं बंद झालं होतं. आणि आम्ही पोरी तर पोत्यात नव्हतो बसत, नुसत्याच बसत होतो. रोज संध्याकाळी त्या पोत्याएवढी मी हलकी ठरत होते. डबा हातात घेऊन मी पारड्याकडे बघत उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला टोकदार बंबा, पोत्यातून धानाचा नमुना काढायचा, तसाच राहिला. मी डबा खाली ठेवला आणि निघाले. घरी आईला सांगितलं तर ती चुलीत फुंकर घालत म्हणाली, "बापाले काई म्हणू नोको व. तो आधीच जेवून नाही राह्यला."

तिकडे माझी जागा करुणाला मिळाली होती. माझी जर्सी तिला ढगळ झाली तर तिनं ती पिन लावून घातली. जाताना म्हणाली, "ताई, मी नाही जात. तुयाबिगर मले नाही करमत." मी म्हणाले, "जा." ती गेली. खेळली. पुढे राज्याला खेळली. पुढे वनरक्षक झाली, आता परसवाड्याकडे जंगलात फिरते, दिवसभर चढ-उतार, आणि दोन लेकरांनंतरही वाकली की बोटं अंगठ्याच्या पुढे जातात.

मी फार विचार केलाय यावर. लोक म्हणतील, चूक बाबांची, राग बहिणीवर कशाला? पण पोतं तर आमच्या दोघींच्याही वेळी तिथेच होतं. तिचंही वजन तितकंच कमी भरत होतं. तिला फरक पडला नाही, एवढंच. तीच चूक, तोच काटा, तोच बाप, आणि एकीला ती चूक लागलीसुद्धा नाही. हेच तर दुखणं आहे. काही माणसांच्या अंगाला जगाच्या चुका चिकटत नाहीत, पाणी अळूच्या पानावरून जावं तशा जातात. आणि काही माणसं पोत्याएवढ्या अंतरानं राहून जातात.

वर्गात कधीकधी माझ्या मनात येतं, या पोरींना हेव्याबद्दलही शिकवावं. त्याचेही घटक असतात. त्याला वेग नसतो, लवचीकता तर नावाला नसते, बोटं नडगीच्या पुढे जात नाहीत. पण दम! माझ्या हेव्याचा दम अजून तुटलेला नाही. एका श्वासात चाललंय, इतकी वर्षं.

आणि आता पलक.

पलक माझी मुलगी, नववीत आहे. मराठी समजते तिला, पण बोलते हिंदीत, मधेच आमचा एखादा शब्द टाकून. तिला मी पाळण्यात असल्यापासून जोखत आले. रांगायला लागली तेव्हा मी तिची मनगटं दाबून बघायचे, जाड आहेत का. नाहीत. उभी राहिली तर टाचा जमिनीला टेकत नाहीत. पळायला लागली आणि मी हातातलं काम टाकून उभी राहिले, कारण अंगणातून जी पळत होती ती करुणा होती. माझ्या पोटी, माझ्या दुधावर वाढलेली, आणि कंबर त्या बाईची. तुपात तळलं तरी कारलं गोड होत नाही म्हणतात. इथे उलट झालं, कारल्याच्या वेलाला दुसऱ्याच्या परसातली काकडी लागली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. पै-पाहुणे येतात, जिलेबीच्या कढया लागतात, फुगेवाले, बांगड्यांची दुकानं, आणि दुपारी कबड्डी. यंदा लामत्याच्या मंडईला मुलींचाही सामना ठेवला होता. पलक खेळली. तिची चढाई बघून जुनी माणसं उठून उभी राहिली. शेजारची म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "प्रज्ञा, हे तं हुबेहूब करुणाच व! मावशीवर गेली पोरगी." मी हसले. शिक्षिकेला हसता येतं. पलीकडे करुणा उभी होती, पायांत जंगलखात्याचे बूट, जिलेबी खात. अजूनही खाते. अजूनही जाते कुठे तिच्या अंगात, कळत नाही.

सामना संपला आणि पलक धापा टाकत आली ती आधी तिच्याकडे. माझ्याकडे नाही. करुणानं तिला वळताना पाय कसा टाकायचा ते तिथेच धुळीत दाखवलं. मग पलक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मम्मी, सिलेक्शन तक मैं हर शनिवार मौसी के पास जाऊं? वो टर्न बहुत मस्त सिखाती है."

"काहून? मी काय शिकवत नाही का?" मी म्हणाले. माझ्या तोंडून असं गावचं बोलणं आलं की समजावं मी चिडलेय. "मी पीटी टीचर आहे. तुझी मौसी झाडं मोजते."

"मम्मी, आप तो बोर्ड पे सिखाते हो."

मी म्हटलं, नाही. जायचं नाही. पलक रुसली. करुणानं बोटं रुमालाला पुसली. संध्याकाळी आम्ही सगळे बाबांकडे गेलो. आई गेल्यापासून बाबा लामत्याला एकटेच राहतात. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, तेव्हा मिलवाल्यानं जुना काटा भंगारात काढला, तो बाबांनी मागून आणला. समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, टांगलाय. गल्लीतल्या बायका मोहफुलं, लाखोरीची डाळ तोलायला येतात. बाबा तोलून देतात आणि खूश असतात.

बाबांना सामन्याचं कळलं होतं. जिल्ह्याच्या सिलेक्शनचंही. चहा झाला, पलक अजून माझ्याकडे बघत नव्हती. बाबा उठले. "ये व इकडे," ते पलकला म्हणाले. "वजनाची हद्द अजून हाय ना? पाहू तुह्यं."

पलक हसत पारड्यात बसली. पाय वर घेतले, साखळी धरली. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी अगदी आमच्यासारखीच बसली. दुसऱ्या पारड्यात वजनं रचून ठेवलेली होती, नेहमीसारखी. आणि वजनांखाली पोतं. मी चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

बाबांनी वजनं उचलायला सुरुवात केली. एक खाली ठेवलं. दुसरं खाली ठेवलं. मोठं वजन उचलताना त्यांनी छातीशी धरलं. करुणा मदतीला उठली तर तिला त्यांनी हातानंच बसवलं. पारडं पूर्ण रिकामं झालं. मग त्यांनी ते पोतं उचललं. झटकलं. सपरीत धुळीचा एक जुना वास पसरला. पोत्याची चौकोनी घडी घालून त्यांनी ते खाटेवर ठेवलं आणि मग एकेक वजन पुन्हा चढवलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"हद्दीत हाय," ते म्हणाले.

पलकला काहीच कळलं नाही, ती उडी मारून उतरली. मी मात्र बसल्या जागी जळले. आणि या वेळी करुणावर नाही. माझ्या पोटच्या पोरीवर. जिच्या वेळी पोतं काढलं गेलं तिच्यावर. आईनं लेकीचा असा हेवा करू नये हे मला कळतं. कळून काय होतं? डोळ्यांत पाणी आलं ते लेकीच्या सुखाचं होतं असं मी कोणालाही सांगणार नाही.

"ताई," करुणा हळूच म्हणाली, "शनिवारी पाठवतं का मंग इले?"

"हौ," मी म्हणाले. "वळणं तू शिकव. पकड मी शिकवीन."

बाबा अजून काट्याजवळच उभे होते. रिकाम्या पारड्यावर त्यांनी हात थोपटला. "प्रज्ञा," ते म्हणाले, "तू बी बस."

"मी? बाबा, तुमचा काटा तुटेल."

"बस म्हणतो ना."

मी साडी सावरून बसले. एवढी मोठी बाई, फळी कुरकुरली, पलक खो खो हसायला लागली. पाय वर घेता येईनात, गुडघे माझेच वैरी. बाबांनी होती नव्हती तेवढी वजनं चढवली, घरातला वरवंटाही आणून ठेवला, आणि शेवटी पारडं हलकंच उचललं गेलं. शाळकरी मुलींच्या कुठल्याही हद्दीच्या कितीतरी पुढे. बाबा काट्याच्या जिभेकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "या बारीनं बरोबर हाय."

मग करुणाच उठली, हात झटकत, नेहमीच्या हसऱ्या चेहऱ्यानं. "बाबा, आता माह्यं करा."

"तुह्यं काहाले?" बाबा म्हणाले. ते वाकून वजनांची रास नीट करत होते. "तुले तवाही फरक नोता पडला."

करुणा तिथेच थांबली. तिचा हात साखळीवर होता, तो तिनं काढून घेतला. आणि तिच्या चेहऱ्यावर, त्या सुंदर, निरोगी, जंगलाच्या उन्हात तापलेल्या चेहऱ्यावर, मी असं काही पाहिलं जे मला आरशातून चांगलं ओळखीचं आहे.

पारड्यातून उतरायची मी मुळीच घाई केली नाही.